सरकारी बांधकामातले वाद आणि ठेकेदाराचे दावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी साइटवर अभियंता होतो, मग एलएल. बी. केलं, आणि आता ठेकेदारांचे दावे लिहितो. खालचे प्रश्न मला फोनवर, चहाच्या टपरीवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेत. बहुतेक उत्तरं सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागाच्या बी-१ करारनाम्यावर, म्हणजे विभागाच्या छापील ठराविक करारपत्रावर, बेतलेली आहेत. जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळ यांचे मसुदे त्याच घराण्यातले असले तरी कलमांचे क्रमांक बदलतात. तेव्हा वाचताना स्वतःचं करारपत्र शेजारी ठेवा.

बिल मंजूर आहे, पण दीड वर्ष पैसे नाहीत. दरवेळी "निधी नाही" सांगतात. हे उत्तर कायद्यात बसतं का?

तुमचं काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, उपअभियंत्यांनी तपासणी केली, की ती रक्कम सरकारचं देणं झाली. तिजोरीत पैसे नसल्याने देणं फिटत नाही. २०२५ साली राज्यातल्या ठेकेदार संघटनांनी थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी रुपये सांगितला होता, म्हणजे या रांगेत तुम्ही एकटे नाही.

अडचण येते ती व्याजाला. अलीकडच्या बऱ्याच निविदांत "देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा होईल, विलंबाबद्दल व्याज मिळणार नाही" अशी ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही. प्रकरण लवादाकडे (आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडे) गेलं तर १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३१(७) आडवं येतं, कारण निवाड्यापूर्वीचं व्याज करारात नाकारलेलं असेल तर लवाद ते देऊ शकत नाही. तुमच्या करारात अशी ओळ नसेल, तर आजच एक पत्र द्या : थकीत रक्कम अमुक, या तारखेपासून व्याज मागणार. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे, करारात देय तारीख ठरलेली नसेल तेव्हा व्याजाचा हिशेब अशा लेखी मागणीच्या तारखेपासून धरता येतो. फोनवर साहेबांना शंभर वेळा सांगितलं असेल, त्याचा इथे उपयोग नाही.

विभागाला रक्कम लेखी मान्य असेल आणि फक्त पैसे सुटत नसतील, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मोजमापाबद्दल किंवा दर्जाबद्दल वाद असेल तर न्यायालय "दिवाणी दावा करा" म्हणून परत पाठवतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या लोकांना यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

बी-१ च्या क्लॉज ३० प्रमाणे लवाद नेमून मागता येतो ना?

येत नाही. या एका गैरसमजात लोकांची पाच-सात वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्लॉज ३० सांगतो की नकाशे, तपशील, दर्जा वगैरेंवर अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक. त्यावर तीस दिवसांत मुख्य अभियंत्यांकडे अपील, आणि तिथेही समाधान झालं नाही तर पुन्हा तीस दिवसांत सचिवांकडे. सचिवांना दाव्यात तथ्य दिसलं तर ते प्रकरण शासनस्तरावरच्या स्थायी समितीपुढे ठेवतात. "अंतिम", "बंधनकारक" असे शब्द असल्यामुळे पूर्वी काही निकालांत याला लवादाचं कलम मानलं गेलं होतं. तेच ऐकून आजही जुने ठेकेदार "आर्बिट्रेशन टाकू" म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१३ रोजी विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात नेमका बी-१ चा हा क्लॉज ३० तपासला आणि तो लवादाचा करार नाही असं ठरवलं. तर्क सोपा आहे. दोन पक्षांनी आपला वाद तिसऱ्यासमोर नेऊन, दोघांचं ऐकून, पुराव्यावर निर्णय घ्यायचं ठरवलंय, असं त्या मजकुरात कुठे दिसत नाही. काम नीट चालावं म्हणून विभागाच्याच वरिष्ठाला दिलेला तो अधिकार आहे.

म्हणून आधी करारपत्रात "लवाद", "आर्बिट्रेशन" हा शब्द खरोखर आहे का ते शोधा. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, काही महामंडळं आणि मोठी ईपीसी कामं (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच ठेकेदाराकडे) यांत तो असतो. साध्या बी-१, बी-२ मध्ये सहसा नसतो. शेजारी मध्य प्रदेशात १९८३ च्या आणि गुजरातेत १९९२ च्या कायद्याने सरकारी कामांच्या वादांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रात तशी सोय नाही, त्यामुळे आपल्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.

तरीही क्लॉज ३० ची पायरी गाळू नका. तीस दिवसांचं अपील केलं नाही तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच घेतो : यांनी अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय मान्य केला होता.

मग दावा कुठे आणि कसा लावायचा?

बांधकामाचं कंत्राट २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात स्पष्ट नाव घेऊन आलेलं आहे. वादाची रक्कम तीन लाखांच्या वर असली की दावा वाणिज्यिक न्यायालयात. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी कलम १२-अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालानंतर मध्यस्थी न करता लावलेला दावा सरळ फेटाळला जातो.

त्याशिवाय सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. नोटीस आणि दावा महाराष्ट्र शासनाच्या नावे असतो. नुसत्या "कार्यकारी अभियंता, अमुक विभाग" यांच्या नावाने लावलेले दावे मी पाहिलेत, आणि तांत्रिक मुद्द्यावर गडगडलेलेही पाहिलेत. जिल्हा परिषद, महापालिका या स्वतःच्या नावाने उभ्या असलेल्या संस्था आहेत. त्यांच्या कायद्यांत नोटिशीची आणि मुदतीची वेगळी कलमं असतात, ती वकिलाकडून आधी तपासून घ्या.

कोर्ट फी २०१८ पासून जास्तीत जास्त दहा लाख रुपये आहे. मोठ्या दाव्याला हे फारसं जड जात नाही, चाळीस-पन्नास लाखांच्या दाव्याला मात्र जाणवतं.

तीन वर्षांची मुदत नेमकी कधीपासून मोजायची?

१९६३ च्या मुदत कायद्यात झालेल्या कामाच्या पैशासाठी अनुच्छेद १८ आहे : काम झाल्यापासून तीन वर्षं. बाकीच्या बऱ्याच दाव्यांना अनुच्छेद ११३ लागतो : दावा करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षं. अंतिम बिल विभागाने कधी केलं, कोणती मागणी कधी नाकारली, हे सगळं बघून तारीख ठरते. दोन तारखांत शंका असेल तर जी लवकर येते तीच धरून चला.

लोक मार खातात ते पत्रव्यवहारात. "आपले प्रकरण शासनस्तरावर विचाराधीन आहे" असं पत्र दर सहा महिन्यांनी येतं, ठेकेदार खुशीत फाइलला लावतो आणि तीन वर्षं उलटतात. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बी अँड टी एजी विरुद्ध संरक्षण मंत्रालय या प्रकरणात पुन्हा बजावलं. मुदत नव्याने सुरू होते ती मुदत कायद्याच्याच कलम १८ च्या लेखी कबुलीने, तीही जुनी मुदत संपण्याआधी सही झाली असेल तर. "विचाराधीन आहे" यात कबुली नाही. "आपले रु. ३८,४०,००० इतके देयक प्रलंबित आहे" यात आहे. असं पत्र हाती आलं तर त्याची एक प्रत घरीही ठेवा.

चुकीच्या ठिकाणी, म्हणजे समजा क्लॉज ३० वर विसंबून लवादाच्या मागे, प्रामाणिकपणे घालवलेला काळ त्याच कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळू शकतो. कलम ८० च्या नोटिशीचे दोन महिने आणि मध्यस्थीचा काळही वगळला जातो. पण ही गणितं वाद घालायला चांगली. दावा अडीच वर्षांच्या आत लावलेला बरा.

जागा ताब्यात मिळाली नाही म्हणून काम रखडलं. नुकसानभरपाई मिळेल?

मिळू शकते. किती मिळेल ते तुमच्या फाइलवर ठरतं. एक प्रकरण सांगतो, गाव-विभागाचं नाव न घेता.

मराठवाड्यात ओढ्यावरचा छोटा पूल. मुदत बारा महिने. कार्यारंभ आदेश मिळाला, क्रेन आली, सेंट्रिंगचं सामान आलं, आणि एका बाजूच्या पोहोचरस्त्यात महावितरणचे तीन खांब उभे. खांब हलवायचे पैसे विभागाने भरायचे होते, ते भरायला चौदा महिने गेले. ठेकेदाराने या काळात शाखा अभियंत्याला जवळजवळ रोज व्हॉट्सअॅप केले, फोटो पाठवले. समोरून अंगठा यायचा. पत्र त्याने एकच दिलं होतं, दुसऱ्या महिन्यात, अर्ध्या पानाचं, हस्ताक्षरातलं : "तीन खांबांमुळे पूर्वेकडील काम करता येत नाही, क्रेन उभी आहे, नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे." त्यावर विभागाच्या आवक कक्षाचा निळा शिक्का, क्रमांक आणि तारीख होती. सगळा दावा त्या अर्ध्या पानावर उभा राहिला. क्रेनचं भाडं मात्र पूर्ण मिळालं नाही, कारण क्रेनची लॉगबुक नव्हती आणि भाड्याच्या पावत्या मालकाच्या मेहुण्याच्या नावावर होत्या.

त्या पत्रातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. करार कायद्याचं कलम ५५ म्हणतं की उशिरा दिलेली गोष्ट तुम्ही स्वीकारली आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असं कळवलं नाही, तर नंतर भरपाई मागता येत नाही. जागा उशिरा मिळाली तर ताबा घेण्याच्या पत्रावरच तसं लिहा.

बी-१ च्या क्लॉज ५ प्रमाणे मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून तीस दिवसांत आणि कामाची मुदत संपण्याआधी द्यायचा असतो. बहुतेक जण शेवटच्या महिन्यात एकच मोठा अर्ज देतात. प्रत्येक अडथळ्याला वेगळा अर्ज द्या. आणि मुदतवाढीच्या प्रस्तावासोबत विभागात एक छापील हमीपत्र पुढे सरकवलं जातं : "या वाढीव कालावधीबद्दल कोणतीही भरपाई मागणार नाही." ते न देता मुदतवाढ मिळत नाही असं बाबू सांगतो. देण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्याच आठवड्यात वेगळं पत्र देऊन हे हमीपत्र कोणत्या परिस्थितीत घेतलं ते नोंदवून ठेवा.

परिमाण निविदेपेक्षा खूप वाढलं. सगळं जुन्याच दराने करावं लागेल?

क्लॉज ३८ काढा. निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढ झाली तर दर तोच. त्यापुढच्या वाढीव परिमाणाची निविदा दराने होणारी किंमत ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर त्या वरच्या भागाला चालू दरसूचीचा (विभागाच्या छापील दरांच्या यादीतला) दर, त्यावर तुमची निविदा जितके टक्के वर किंवा खाली होती तितके टक्के वर किंवा खाली.

समजा कठीण खडकातली खोदाई निविदेत ४०० घनमीटर होती, झाली ७००. २५ टक्के धरून ५०० घनमीटर जुन्या दराने, उरलेली २०० नव्या दराने. तुम्ही १८ टक्के खाली भरलं असेल तर नव्या दरालाही ती १८ टक्क्यांची कात्री लागते, हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो.

या कलमात दोन शब्द लपलेले आहेत : "लेखी आदेश". मर्यादेपलीकडचं काम लेखी आदेशाशिवाय केलं तर विभाग म्हणतो, आम्ही सांगितलंच नव्हतं. निविदेत मुळीच नसलेल्या बाबीला, म्हणजे एक्स्ट्रा आयटमला, क्लॉज १४ लागतो. तिथेही दर आधी कळवा, मग काम करा. सुधारित प्रशासकीय मान्यता येईल तेव्हा येईल.

साहेबांनी तोंडी सांगितलं, मी काम केलं. आता साहेब बदलले.

हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर येतो. पुराने रस्ता तुटतो, मंत्र्यांचा दौरा असतो, रात्रीतून मुरूम टाकला जातो. सरकारचा करार घटनेच्या अनुच्छेद २९९ च्या रीतीनेच व्हावा लागतो, त्यामुळे तोंडी करार कामाचा नाही. पण करार कायद्याचं कलम ७० आहे : फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पश्चिम बंगाल विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात हे सरकारलाही लागू केलं.

अडचण पुराव्याची. काम झाल्याच्या आठवड्यातच पत्र द्या : "आपल्या दि. अमुकच्या तोंडी सूचनेनुसार साखळी क्रमांक अमुक ते तमुक इतके ब्रास मुरूम टाकला, मोजमाप घ्यावे." उत्तर येणार नाही. येऊ नये असंच समजा. पण नाकारलं नाही, हेही पुढे उपयोगी पडतं. सोबत वाहतूक पास आणि रॉयल्टीच्या पावत्या सांभाळा. त्यांच्यावर तारीख आणि परिमाण दोन्ही असतं.

अंतिम बिलावर "कोणताही दावा शिल्लक नाही" असं लिहून सही दिली. संपलं का?

लगेच संपत नाही. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी ठेकेदाराला अशी सही करावी लागते, हे न्यायालयांना ठाऊक आहे. २००६ च्या अंबिका कन्स्ट्रक्शन आणि २००८ च्या बोघारा पॉलिफॅब प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा दाखल्याने दावा आपोआप मरत नाही, तो दबावाखाली घेतला का ते बघावं लागेल. पण सहीनंतर दोन वर्षं गप्प बसून मग दबाव आठवला, तर कोण विश्वास ठेवणार? चेक जमा झाल्यावर चार-आठ दिवसांत निषेधाचं पत्र गेलं पाहिजे. मोजमाप पुस्तिकेत सही करताना शेजारी "निषेध नोंदवून" इतके दोन शब्द लिहिले तरी चालतात. लेखा लिपिक कुरकुरतो, पण पुस्तिका फाडत नाही.

दंड लावलाय, आणि क्लॉज ३(सी) खाली काम काढून घेण्याची नोटीस आलीय.

आधी दंड. जुन्या छापील बी-१ मध्ये क्लॉज २ प्रमाणे रोज अंदाजित किमतीच्या एक टक्का किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील ती कमी रक्कम, एकूण जास्तीत जास्त दहा टक्के. विभाग हे तयार शस्त्र म्हणून वापरतो. पण उशीर कोणामुळे झाला हा वाद असेल, तर त्याचा निवाडा वादातला एक पक्षच करू शकत नाही. १९८७ चा रामेश्वर राइस मिल्स आणि २०११ चा जे. जी. इंजिनिअर्स हे निकाल यावरच आहेत. शिवाय करार कायद्याच्या कलम ७४ खाली ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि नुकसान झालंच नसेल तर ती सरसकट वसूल करता येत नाही, असं २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालात आहे.

३(सी) म्हणजे उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेणं आणि जादा खर्च तुमच्याकडून वसूल करणं. ही नोटीस आली की उत्तर लिहिण्याआधी साइटवर जा. संयुक्त मोजणीची लेखी मागणी करा, ते आले नाहीत तर पंचासमक्ष स्वतः मोजा, तारीख-स्थळ दिसणारे फोटो घ्या. दुसरा ठेकेदार एकदा साइटवर आला की तुमची पाया खोदाई कुठली आणि त्याची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पुढे वसुलीचा हिशेब आला तर बघा : दुसरी निविदा त्याच तपशिलाची होती का, वाजवी वेळेत काढली का, की दोन वर्षांनी नव्या दरसूचीने काढून फरक तुमच्या माथी मारला.

बँक गॅरंटी वटवायला निघालेत. थांबवता येईल?

फार क्वचित. बिनशर्त गॅरंटी असेल तर उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान, एवढ्यावरच न्यायालय अडवतं. गॅरंटीचा मजकूर मात्र वाचा. १९९९ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य प्रकरणात तो मजकूर सशर्त निघाला आणि वटवणी टिकली नाही.

काळ्या यादीत टाकलं तर?

कारणे दाखवा नोटिशीत "काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे" असं स्पष्ट हवं. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणापासून हा दंडक आहे. नुसती "कारवाई का करू नये" अशी मोघम नोटीस देऊन टाकलेली बंदी टिकत नाही. २०१३ च्या कुलजा इंडस्ट्रीज निकालाप्रमाणे बंदी कायमचीही असू शकत नाही. इथे रिट याचिका योग्य, आणि लवकर करा. बंदीच्या काळात भरता न आलेल्या निविदा परत मिळत नाहीत.

ओव्हरहेड आणि बुडालेल्या नफ्याची रक्कम कशी काढायची? हडसन फॉर्म्युला म्हणजे काय?

कार्यालयीन खर्च आणि नफ्याची टक्केवारी, गुणिले करार रक्कम, भागिले करार मुदत, गुणिले विलंब. सहा कोटींचं काम, बारा महिने, दहा टक्के, आठ महिने उशीर : चाळीस लाख. दिसायला झकास.

२००६ च्या मॅकडरमॉट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हडसन, एमडेन, आइक्ले ही सूत्रं मान्य केली, तेव्हापासून प्रत्येक दाव्यात हे पान असतंच. १९८४ च्या ए. टी. ब्रिजपाल सिंग निकालातला पंधरा टक्के नफाही सगळे उद्धृत करतात. पण २०२३ मध्ये हवा बदलली. बाटलीबॉय विरुद्ध एचपीसीएल प्रकरणात पुराव्याशिवाय सूत्र लावल्याबद्दल आणि एकच रक्कम दोनदा धरल्याबद्दल निवाडा रद्द झाला. युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ प्रकरणात न्यायालयाने विचारलं की हे काम रेंगाळलं नसतं तर त्या माणसांना आणि यंत्रांना दुसरं कोणतं काम मिळणार होतं, ते दाखवा. म्हणून ताळेबंद, त्या काळात नाकारलेल्या किंवा सोडून दिलेल्या निविदा, पगारपत्रक हे लावा. माझं स्पष्ट मत : फुगवलेल्या चाळीस लाखांपेक्षा पावत्यांनिशी मांडलेले अकरा लाख हातात पडण्याची शक्यता जास्त.

भाववाढीचं कलम करारात नसेल तरी उशीर सरकारमुळे झाला असेल तर वाढीव खर्च मिळू शकतो. २००६ चा के. एन. सत्यपालन निकाल पाहा. जीएसटीचा फरक हा वेगळा आणि तुलनेने सोपा दावा आहे. सरकारी कामांवरचा दर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. त्या तारखेच्या अलीकडची-पलीकडची बिलं वेगळी काढा. उलट बाजूही लक्षात असू द्या : सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा कर २८ वरून १८ वर आला, तेव्हा आता विभागही फरक मागेल.

करारात लवाद आहे, पण विभागाचाच निवृत्त मुख्य अभियंता नेमणार म्हणतात.

विभागाने एकतर्फी नेमायचे दिवस संपले. लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीचं कलम १२(५), मग २०१९ चा पर्किन्स निकाल, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात सरकारी करारांतलं एकतर्फी नेमणुकीचं कलम अनुच्छेद १४ च्या विरुद्ध ठरवलं. लेखी संमती देऊ नका, त्याच कायद्याच्या कलम २१ ची, लवाद सुरू करण्याची, नोटीस द्या, आणि नेमणूक होत नसेल तर कलम ११ खाली न्यायालयात अर्ज करा.

दुसरीकडे सरकारच लवादातून पाय काढतंय. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ च्या सूचनेत दहा कोटींवरच्या वादांसाठी लवादाचं कलम सरसकट टाकू नका असं सांगितलं.

लवादाचा निवाडा माझ्या बाजूने लागला. पैसे कधी?

बँकेत जमा झाल्याशिवाय पेढे वाटू नका. सरकार लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालयात आव्हान देणार, ती मुदत तीन महिने आणि फार तर आणखी तीस दिवस. पूर्वी आव्हान दिलं की आपोआप स्थगिती मिळायची, आता मिळत नाही. २०१९ च्या पॅम डेव्हलपमेंट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थगिती मागताना सरकारला वेगळी सवलत नाही. त्यामुळे रक्कम न्यायालयात भरायला लावणं, आणि हमी देऊन उचलणं, हा नेहमीचा मार्ग.

त्यावर पुढे होणाऱ्या कलम ३७ च्या अपिलांत सरकारी उशिराला किती सूट द्यायची याची लक्ष्मणरेषा २०२१ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध बोरसे ब्रदर्स या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात आखली गेली. पण एक खबरदारी. २०११ च्या एआरके बिल्डर्स प्रकरणात लवादाने सही केलेली प्रत शासनाला दिलीच नव्हती, शासनाकडे होती ती ठेकेदाराने दिलेली झेरॉक्स. न्यायालयाने म्हटलं, सहीची प्रत मिळेपर्यंत मुदत सुरूच झाली नाही. लवादाने दोन्ही बाजूंना प्रत पाठवली का, त्याची पोच स्वतः मागून घ्या.

आणि जिंकलेला निवाडाही हातून जाऊ शकतो. दिल्ली एअरपोर्ट मेट्रोचा २०१७ चा २,७८२ कोटींचा निवाडा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत (पुनर्विचारानंतरच्या शेवटच्या याचिकेत) फिरवला. म्हणून तडजोडीचा प्रस्ताव आला तर तुच्छ लेखू नका. केंद्राच्या २०२३ च्या "विवाद से विश्वास–२" योजनेत लवादाच्या निवाड्याला ६५ आणि न्यायालयाच्या हुकमाला ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ केली होती. त्या काळी नाक मुरडणारे काही जण आज तारखा मोजताहेत.

मी एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) नोंदणीकृत आहे. ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम मला लागतो ना?

वर्क्स काँट्रॅक्टला, म्हणजे बांधकामाच्या कंत्राटाला नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाचं मत आहे. नुसता माल पुरवला असेल तर गोष्ट वेगळी.

विभाग कागदच देत नाही. मोजमाप पुस्तिकेची प्रत कशी मिळवू?

माहिती अधिकारात. दहा रुपये, तीस दिवस. मोजमाप पुस्तिका, मुदतवाढीच्या प्रस्तावावरचे शेरे, आणि आवक नोंदवहीतल्या तुमच्या पत्रांच्या नोंदी, असं तिन्ही मागा. शेऱ्यांत कधी कधी सोनं सापडतं. उपअभियंत्याने वरिष्ठांना लिहिलेलं असतं, "सदर विलंबास कंत्राटदार जबाबदार नाही."

दावा केला तर साहेबांशी संबंध बिघडतील. पुढची कामं?

बिघडतात, खोटं कशाला सांगू. पण पत्र आणि दावा यांत फरक करा. नम्र भाषेत वेळच्या वेळी दिलेलं पत्र साहेबांनाही हवं असतं. उद्या ऑडिटचा आक्षेप आला की उशिराचं कारण दाखवायला त्यांच्या फाइलमध्ये तेच असतं. जुने जाणते कार्यकारी अभियंते स्वतःच म्हणतात, "अहो, एक पत्र देऊन ठेवा." ते ऐका.

पत्र मराठीत चालतं का? इंग्रजी जमत नाही.

चालतं. राज्याची राजभाषा मराठी आहे, विभाग स्वतः मराठीत लिहितो. वर कामाचं पूर्ण नाव, करारनामा क्रमांक, कार्यारंभ आदेशाची तारीख. खाली काय अडलं, कधीपासून, किती यंत्रं आणि माणसं बसून आहेत. दोन प्रती न्या, एक आवक कक्षात, दुसरीवर शिक्का. शिक्क्यातली तारीख फिरवायला लिपिक कधी कधी विसरतो आणि कालचीच उमटते. खिडकी सोडण्याआधी ती तारीख वाचा.